नाकारायचं तर कारण सांगून नाकारा: होस्टिंग कंपन्यांच्या पडताळणी विभागांना खुलं पत्र

प्रति,
भारतातल्या ग्राहकांना होस्टिंग, व्हीपीएस (एका सर्व्हरचा स्वतंत्र हिस्सा) आणि क्लाउड सर्व्हर भाड्याने देणाऱ्या देशी-परदेशी कंपन्यांचे पडताळणी विभाग

विषय: ओळख पडताळणी आणि ग्राहक नाकारण्याची पद्धत

स. न. वि. वि.

इंदूरमध्ये संस्था, दुकानं, दवाखाने, शिकवण्या आणि मंडळं यांच्या वेबसाइट उभ्या करणं आणि त्या चालत्या ठेवणं हे आमचं काम. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर या भागांतल्या मराठी संस्था आणि घरगुती व्यवसाय हा त्यातला मोठा हिस्सा. तुमच्याकडे सर्व्हरसाठी, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेसाठी, केलेला अर्ज नेमका कुठल्या पायरीवर अडतो आणि का अडतो, हे आता आम्हांला बऱ्यापैकी कळतं. तुमच्या बाजूने ते तसं दिसत नसावं, म्हणून हे पत्र.

पडताळणी करूच नका, असं आमचं म्हणणं नाही. चोरीच्या कार्डावर घेतलेला सर्व्हर काही तासांत हजारो फसव्या मेल पाठवू शकतो. मग त्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक), कधी कधी त्याच्या शेजारचे सगळेच पत्ते, स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जातात, आणि शेजारच्या सर्व्हरवरून निघालेली एखाद्या दवाखान्याची मेल रुग्णापर्यंत पोचत नाही. तो शेजारचा सर्व्हर अनेकदा आमच्याच ग्राहकाचा असतो. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक तुमच्याकडून पैसे परत ओढून घेते आणि वर शुल्क लावते. हे सगळं आम्हांला मान्य आहे. नाकारण्याचा हक्क तुमचाच आहे. मागणी एवढीच, की प्रामाणिक माणसाला उत्तर देता येईल असा नकार द्या.

आज येणारा नकार दोन ओळींचा असतो: तुमच्या खात्याची पडताळणी होऊ शकली नाही, सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येणार नाही. फोटो पुसट आला होता, की बँकेने कार्ड अडवलं, की नावाचं स्पेलिंग जुळलं नाही, की तुम्हांला भारतातला ग्राहकच नको आहे, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. मग माणूस अंदाजाने चालतो आणि नेमकं करू नये ते करतो. दुसऱ्या ईमेलवरून दुसरं खातं उघडतो, भावाचं कार्ड लावतो, कुणीतरी सांगितलं म्हणून व्हीपीएन (जोडणीचं खरं ठिकाण झाकणारी सेवा) लावून बघतो. या तिन्ही गोष्टी तुमच्या यंत्रणेत फसवणुकीच्या खुणा म्हणून नोंदल्या जातात. पहिल्या नकाराला साधं एका ओळीचं कारण जोडलेलं असतं, तर या खुणा निर्माणच झाल्या नसत्या.

आता अर्ज अडतो कुठे ते पाहू. तुमच्यापैकी अनेक जण नव्या अर्जाला जोखमीचे गुण लावता. मॅक्समाइंडच्या मिनफ्रॉड सेवेत हे गुण ०.०१ ते ९९ या पट्टीत येतात. आयपीचं ठिकाण आणि बिलाचा पत्ता यांतलं अंतर, कार्डाच्या पहिल्या सहा किंवा आठ आकड्यांवरून कळणारी बँक आणि देश, ईमेल किती जुना आहे, अशा गोष्टींवर ते ठरतात. यातलं पहिलंच माप इंदूरच्या माणसावर अन्याय करतं. इथलं मोबाइलचं इंटरनेट आणि बरंचसं घरगुती ब्रॉडबँड कॅरियर-ग्रेड नॅटच्या मागे असतं, म्हणजे एकाच आयपी पत्त्याआड एका वेळी अनेक ग्राहक असतात, आणि तो पत्ता नकाशात बऱ्याचदा मुंबई, दिल्ली किंवा भोपाळचा दाखवला जातो. अर्जात इंदूरचा पिन कोड ४५२००९ आणि आयपी मुंबईचा, म्हणजे हवाई मार्गाने सुमारे ५०० किलोमीटरचा फरक. त्याच पत्त्याआडून महिन्यापूर्वी कुणी वेगळ्याच माणसाने खोटं खातं उघडलं असेल, तर त्याचा डागही आमच्या ग्राहकाला लागतो. भारतातल्या मोबाइल जोडणीसाठी शहराचं अंतर हिशेबात धरू नका, देश जुळला तर पुरे माना. एवढा एक बदल केलात तरी फुकटचे नकार बरेच कमी होतील.

दुसरी गोष्ट पत्त्याच्या तपासणीची. कार्डाचा बिलाचा पत्ता बँकेकडून ताडून घेण्याची पद्धत मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या बँका पाळतात. भारतीय बँकांकडून त्या विचारणेला सहसा उत्तरच येत नाही. ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘पत्ता चुकीचा आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या यंत्रणेत त्या एकाच खान्यात पडत असतील, तर तो खाना आजच वेगळा करा.

कार्ड नाकारलं जाण्यामागे आमच्याकडचे काही नियमही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या आदेशानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करायचे असतात. ते केलेले नसतील, तर तुमची एक डॉलरची चाचणी वजावट नाकारली जाते. तसंच १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याच्या आपोआप वजावटीसाठी ई-मँडेट, म्हणजे बँकेला आगाऊ दिलेली मंजुरी, नोंदवावं लागतं. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची वजावट नोंदलेल्या मँडेटवर ओटीपीविना होते, त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. मँडेट नसेल तर बँक वजावट परतवते. तुमच्या दप्तरी मात्र हा ग्राहक पैसे न देणारा ठरतो आणि तिसऱ्या परतीनंतर खातं बंद होतं. असा नकार बँकेच्या नियमामुळे येतो, माणसाच्या हेतूत खोट असते म्हणून नव्हे.

सर्वांत जास्त अर्ज मात्र नावावर अडतात, आणि इथे आम्हांला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

लक्ष्मण दीक्षित हे साधं नाव घ्या. इंग्रजीत ‘क्ष’ लिहिताना कुणी नुसतं एक्स हे अक्षर वापरतं, कुणी के-एस-एच अशी तीन अक्षरं. आधारवर एक पद्धत आणि पॅनवर दुसरी, हे आमच्याकडे नेहमीचं आहे, कारण दोन्ही कार्डांची माहिती वेगवेगळ्या खिडक्यांवर वेगवेगळ्या माणसांनी भरलेली असते. अक्षरांचे फेरफार मोजून साम्य काढलं, तर या एकाच माणसाच्या दोन स्पेलिंगांत सहा फेरफार निघतात. मोठं स्पेलिंग मधली मोकळी जागा धरून १६ अक्षरांचं आहे, म्हणजे साम्य ६२.५ टक्के. आता रमेश जोशी आणि राजेश जोशी ही दोन नावं घ्या. इंग्रजीत तशीच मोजून प्रत्येकी १२ अक्षरं, फरक एका अक्षराचा, साम्य जवळजवळ ९२ टक्के. उंबरठा ८० किंवा ८५ वर ठेवला, तर यंत्र दोन वेगळ्या माणसांना एकच ठरवून आत घेतं आणि एकाच माणसाला दोन समजून बाहेर काढतं. हे साम्याचं माप भारतीय नावांसाठी उपयोगाचं नाही. आधी स्पेलिंग एका ठरावीक उच्चारी रूपात आणा, एक्स आणि के-एस-एच एक माना, दीर्घ ई साठी येणारी दोन ई अक्षरं आणि एक आय एक माना, शेवटी येणारं जास्तीचं वाय सोडून द्या, आणि मग तुलना करा.

मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे. इथल्या आधारवर प्रादेशिक भाषा म्हणून हिंदी छापली जाते, आणि हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात ‘ळ’ नाही. काळे यांचं आधार ‘काले’ म्हणून येतं, मुळे यांचं ‘मुले’. संस्थेच्या मराठी लेटरहेडवर ‘काळे’ आणि आधारवर ‘काले’ पाहून तुमचा तपासनीस दोन माणसं समजला, तर त्याला दोष देता येत नाही. पण हे कुणीतरी त्याला सांगितलेलं असायला हवं.

मधल्या नावाचंही तसंच. मराठी रीतीने पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आणि आडनाव. इथल्या हिंदी फॉर्मवर नाव आणि ‘पिता/पति का नाम’ असे दोन वेगळे रकाने असतात. त्यामुळे एका कागदावर तीन शब्दांचं नाव आणि दुसऱ्यावर दोन शब्दांचं, असं अगदी सहज होतं. बँक कार्डावर जागा कमी म्हणून फक्त आद्याक्षरं येतात. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर पहिलं नावही बदलण्याची पद्धत आमच्यात होती, काही घरांत अजून आहे. साठीतल्या बाईंची शाळेची गुणपत्रिका आणि पॅन यांत एकही शब्द समान नसू शकतो. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद मागा, आम्ही देऊ. न मागता नाकारू नका.

कागदांच्या प्रतींबद्दल आता. ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा तो पासवर्ड. तुमच्या अपलोडच्या खान्यात ती फाइल उघडत नाही. मग ग्राहक ती उघडून ‘प्रिंट’ करतो आणि नवी पीडीएफ तयार करतो. तसं करताना फाइलवरची डिजिटल सही नाहीशी होते, आणि फाइलच्या माहितीत दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं नाव येतं. तुमचं यंत्र तिला फेरफार केलेला दस्तऐवज म्हणतं. म्हणजे सर्वांत खात्रीचा कागद तुमच्या फॉर्ममुळेच सर्वांत संशयास्पद ठरतो. उपाय अवघड नाही. पासवर्डसाठी एक जास्तीचा रकाना द्या, आणि मूळ फाइलची सही तपासा. त्याहून बरं म्हणजे आधारचा क्यूआर कोड वाचा. त्यातली माहिती आधार देणाऱ्या यूआयडीएआयने डिजिटल सही केलेली असते, आणि फोटोतला प्रकाश, चमक, लॅमिनेशन यांचा प्रश्नच उरत नाही.

आमच्याकडे प्रतीवर आडवी रेघ मारून ‘केवळ अमुक कामासाठी, तारीख तमुक’ असं लिहायची शिस्त आहे. बँकेत, सिमकार्डाच्या दुकानात, सगळीकडे आम्ही ग्राहकांना ती लावतो, कारण प्रती पुढे कुठे फिरतील याचा भरवसा नसतो. तुमची यंत्रणा ती ओळ पाहिली की प्रत नाकारते. कृपया तेवढी ओळ चालवून घ्या. आणि आधारचे बाराही आकडे मागू नका. मास्क केलेल्या आधारवर शेवटचे चार आकडे असतात, ओळख पटायला तेवढे पुरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर आणि आधार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी कंपनीला ग्राहकाच्या संमतीने ऑफलाइन पडताळणी (आधारच्या मध्यवर्ती यंत्रणेला न विचारता) करता येते, पण त्या मार्गाने जाणाऱ्याने आधार क्रमांक गोळा करायचा किंवा साठवायचा नाही, असं त्या कायद्याचं कलम ८-अ सांगतं. ऑफलाइन ई-केवायसीची झिप फाइल यासाठीच आहे. ग्राहक स्वतः शेअर कोड ठरवतो, आत नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो सहीसकट असतात, पूर्ण क्रमांक नसतो.

पासपोर्टच हवा, अशी अट काही परदेशी कंपन्या घालतात. पासपोर्ट नसलेला माणूस भारतात सामान्य आहे, संशयित नाही. त्याच्याकडे पॅन आहे, वाहन परवाना आहे (इंदूरचा असेल तर एमपी ०९ ने सुरू होणारा), मतदार ओळखपत्र आहे. डिजिलॉकरमधून खात्यानेच दिलेला परवाना कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. त्याचा फोटो काढायला लावून मग फोटो अस्पष्ट म्हणण्यात काय मिळतं?

पत्त्याचा पुरावा म्हणून तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल, तेही अर्जदाराच्या नावाचं, ही अटही इथे टिकत नाही. बिल हिंदीत असतं, आणि बहुधा वडिलांच्या, आजोबांच्या किंवा घरमालकाच्या नावावर. बँकेने मेलने पाठवलेलं खातेपत्रक घ्या. आणि तुकोगंजचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेने लिहिलेलं दिसलं, तर तो एकच मोहल्ला आहे, हे मनात ठेवा.

आता संस्थांचं. रामबागेतलं एखादं वाचनालय, गणेशोत्सव मंडळ किंवा दिवाळी अंक काढणारी छोटी संस्था डोळ्यांसमोर आणा. नोंदणी मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली किंवा १९५१ च्या लोक न्यास अधिनियमाखाली. प्रमाणपत्र हिंदीत. कंपनी क्रमांक नाही, कारण ती कंपनी नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून जीएसटी क्रमांकही नाही. तुमच्या ‘व्यावसायिक ग्राहक’ फॉर्मवर हे दोन्ही रकाने सक्तीचे असतात. मग अर्ज सचिवांच्या नावाने व्यक्ती म्हणून भरला जातो, आणि पैसे भरायची वेळ आली की खरी कोंडी होते. संस्थेचं बँक खातं अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघांच्या सह्यांनी चालतं, आणि अशा खात्यावर बँका साधारणपणे डेबिट कार्ड देत नाहीत. म्हणून कोषाध्यक्ष स्वतःचं कार्ड लावतात. अर्ज सचिवांचा, कार्ड कोषाध्यक्षांचं, डोमेन संस्थेचं, लॉगिन आमच्या कार्यालयातल्या आयपीवरून. तुमच्या यंत्रणेला याहून वाईट चित्र दिसणार नाही. प्रत्यक्षात ही सगळी माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसतात आणि खर्चाची पावती वार्षिक सभेत वाचून दाखवली जाते.

अशा संस्थेची ओळख पटवायला आमच्याकडे चांगले मार्ग आहेत. संस्थेचं पॅन इंग्रजीत असतं. त्यातलं चौथं अक्षर टी असेल तर न्यास, ए असेल तर व्यक्तींचा संघ, पी असेल तर व्यक्ती. पाचवं अक्षर संस्थेच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. कार्यकारिणीचा ठराव, त्यावर दोन सह्या आणि शिक्का, म्हणजे सचिवांना अधिकार आहे हे सिद्ध होतं. पैशांसाठी आधी प्रोफॉर्मा बिल द्या आणि एनईएफटी किंवा यूपीआय स्वीकारा. संस्थेच्या खात्यात एक रुपया पाठवला की खातेदाराचं नाव बँकेकडून परत येतं. ज्या खात्यातून पैसे आले ते संस्थेचंच, हे कुठल्याही सेल्फीपेक्षा जास्त खात्रीने कळतं. आम्हा वेबसाइट बनवणाऱ्यांनाही वेगळ्या प्रकारचं खातं द्या, ज्यात एका कार्यालयातून दहा ग्राहकांची कामं होतात हे आधीच नोंदलेलं असेल. म्हणजे ‘एकाच आयपीवरून अनेक खाती’ ही खूण उठणार नाही.

कायद्याचा आधार देऊन तुम्ही बरंच काही मागता, म्हणून त्याबद्दलही बोलायला हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खालचे आहेत. डेटा सेंटर, व्हीपीएस, क्लाउड आणि व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, भाड्याचा काळ, दिलेले आयपी, नोंदणीच्या वेळचा ईमेल, आयपी आणि वेळ, सेवा घेण्याचा उद्देश आणि मालकीचं स्वरूप हे सगळं ठेवायचं, आणि सेवा संपल्यावरही ५ वर्षं जपायचं, असं ते सांगतात. हे खरं आहे. पण पासपोर्टच घ्या, चेहरा फिरवून व्हिडिओ घ्या, आधारचा पूर्ण क्रमांक घ्या, असं त्यात कुठेही नाही. आणि ती ५ वर्षं सेवा घेतलेल्या ग्राहकांसाठी आहेत. ज्याला तुम्ही दारातूनच परत पाठवलं त्याने सेवा घेतलेलीच नाही. मग त्याच्या आधारची प्रत आणि सेल्फी तुमच्याकडे कशासाठी राहतात? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कामापुरतीच माहिती घ्या आणि काम संपल्यावर पुसा असं सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिने दिले आहेत. नकाराच्या मेलमध्येच ‘तुमची कागदपत्रं अमुक तारखेला पुसली जातील’ अशी ओळ टाकायला तेवढे महिने लागू नयेत.

युरोपातल्या कंपन्यांना त्यांच्याच घरचा नियम आठवून द्यावासा वाटतो. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचं कलम २२ निव्वळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयांना मर्यादा घालतं आणि असा निर्णय करारासाठी घेतला असेल, तर माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क देतं. ७ डिसेंबर २०२३ ला युरोपीय न्यायालयाने शूफा या लोकांची पत गुणांनी मोजणाऱ्या जर्मन कंपनीच्या प्रकरणात सांगितलं, की पुढचा निर्णय मुख्यतः यंत्राने काढलेल्या गुणांवर अवलंबून असेल, तर गुण काढणं हाच यंत्राचा निर्णय. युरोपात बसलेल्या कंपनीच्या कामाला हा कायदा लागतो, ग्राहक इंदूरचा असला तरी.

कारण सांगितलं की फसवणारे शहाणे होतील, हे तुमचं उत्तर आम्हांला माहीत आहे. गुण किती होते, कुठली खूण किती वजनाची, हे सांगू नका. फक्त गट सांगा: प्रत वाचता आली नाही, नाव दोन कागदांवर जुळत नाही, पैशांचा व्यवहार बँकेने परतवला, जोडणी किंवा ठिकाण जुळत नाही, या देशात किंवा या कामासाठी आम्ही सेवा देत नाही, पूर्वीच्या खात्यामुळे. पहिल्या पाचांतून चोराला नवं काही कळत नाही, त्याच्याकडे दुसरी कार्डं तयारच असतात. सहावा गट तेवढा मोघम ठेवा, आमची हरकत नाही. पाचवा मात्र लपवू नका. देशच नको असेल तर फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे कागद द्यायच्या आधीच माणूस दुसरीकडे जाईल. आज तो आधी चेहरा दाखवतो, मग डॉलरमध्ये पैसे भरतो, मग नकार घेतो. पैसे परत आले तरी परकीय चलनावरचा बँकेचा अधिभार, जो साधारण २ ते ३.५ टक्के असतो, आणि त्यावरचा जीएसटी परत येत नाही.

शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत तातडीची गोष्ट जुन्या ग्राहकांची. नवा अर्ज नाकारला तर एक संध्याकाळ वाया जाते. पण तीन-चार वर्षं वेळेवर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला अचानक पडताळणीची मेल येते, मुदत ४८ तासांची. मेल सचिवांच्या जुन्या पत्त्यावर जाते किंवा स्पॅममध्ये पडते. मुदत संपते, सर्व्हर बंद होतो, आणि त्याबरोबर डेटाबेस, फोटो, सभासदांची यादी, ज्या मेलबॉक्समधून उत्तर द्यायचं तोही. कागद मान्य झाले नाहीत तर काही ठिकाणी डिस्क पुसली जाते. वाचनालयाची हजारो पुस्तकांची सूची कुणी निवृत्त शिक्षिका दुपारी बसून भरत असते. तिचं काम पडताळणीच्या एका तिकिटाबरोबर, म्हणजे तुमच्याकडच्या एका नोंदीबरोबर, नाहीसं होता कामा नये.

म्हणून जुन्या ग्राहकाला किमान १५ दिवस द्या. पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी आणि तेराव्या दिवशी मेल, आणि त्याबरोबर नोंदलेल्या फोनवर एसएमएस. मुदत संपल्यावर बाहेर जाणारी मेल आणि नवे सर्व्हर बंद करा, साइट वाचायला चालू ठेवा. गैरवापराची ठोस तक्रार असेल तर लगेच बंद करा, ते वेगळं. सेवा थांबवायचीच ठरली, तर आणखी ३० दिवस फक्त डेटा उतरवून घेण्यापुरता प्रवेश द्या. सेवा बदलणाऱ्या ग्राहकाला किमान ३० दिवस डेटा काढू द्यायचं बंधन युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने १२ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या ग्राहकांसाठी घातलंच आहे. त्यासाठीची यंत्रणा तुमच्यापैकी अनेकांकडे तयार असणार. तीच इंदूरच्या वाचनालयासाठी वापरायला वेगळा खर्च नाही.

आमच्या बाजूने आम्ही ग्राहकांना सांगतो ते असं. अर्ज मोबाइल डेटावरून नको, घरच्या ब्रॉडबँडवरून करा, व्हीपीएन बंद ठेवा. अर्जातलं नाव ज्या कागदाची प्रत देणार त्याच्यावरून अक्षर न अक्षर उतरवा. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी चालू करून मर्यादा तपासा. पहिल्यांदा सर्वांत लहान एकच सर्व्हर घ्या, आणि नव्या खात्यावर पोर्ट २५ (सर्व्हरवरून मेल बाहेर पाठवायचा मार्ग) बंद असेल तर वाद न घालता मेलसाठी वेगळी सेवा वापरा. प्रतीचे चारही कोपरे दिसू द्या, फ्लॅश नको, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा. नकार आला तर दुसरं खातं उघडू नका, त्याच तिकिटात लिहा. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा, म्हणजे एका ठिकाणी नकार आला तरी वेबसाइटचा पत्ता आपल्या हातात राहतो. डोमेनच्या पडताळणीची मेल १५ दिवसांच्या आत उघडा, नाहीतर रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला, ते स्थगित करावं लागतं. आणि बॅकअप दर आठवड्याला सर्व्हरच्या बाहेर, संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर.

मराठी आणि हिंदी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगांच्या जोड्या, ‘ळ’ आणि ‘ल’ची गल्लत होणारी आडनावं, इंदूरच्या मोहल्ल्यांची दोन तऱ्हेने लिहिली जाणारी नावं, आणि मध्य प्रदेशातल्या सोसायटी व न्यास प्रमाणपत्रांत कुठली ओळ कुठे असते याचे कोरे नमुने आम्ही मोफत तयार करून द्यायला तयार आहोत. तुमच्या तपासनिसांना मराठी-हिंदी येत नसेल, तर त्यांच्यासोबत बसून समजावूनही देऊ. यादी कुठल्या स्वरूपात हवी, तेवढं कळवा.

कळावे,

आपले,
इंदूरमधले वेबसाइट बनवणारे आणि सांभाळणारे